बाळंतपणानंतर धावायला कधी लागावं?

मुलगी आठ आठवड्यांची होती तेव्हा मी धावायला गेले. सव्वा महिना उलटला होता, टाके भरले होते, तपासणीत ‘सगळं ठीक आहे’ असं ऐकून आले होते आणि नणंदेच्या लग्नासाठी काढलेला ब्लाउज दंडातच अडत होता. सोसायटीच्या आवारात तिसऱ्या फेरीला लघवी निसटली. मी वर आले, सलवार बदलली आणि कुणाला काही बोलले नाही. वर्षभराने पाठदुखीसाठी फिजिओथेरपिस्टकडे गेले तेव्हा कळलं, की हे अनेकींच्या बाबतीत होतं, त्यावर उपाय आहे आणि आठव्या आठवड्यात मी धावायलाच नको होतं.

मला त्या सकाळच्या आधी जे कुणी सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे. बाळंतपणानंतर धावणं वाईट नाही, उलट फार चांगलं आहे. पण त्याची पाळी शेवटी येते, आणि वजन उतरवण्याच्या कामात त्याचा वाटा आपण समजतो तितका मोठा नसतो.

वाढलेलं वजन असतं कशाचं?

गरोदरपणात साधारण दहा-बारा किलो वजन वाढतं. त्यातलं बाळाचं अडीच-तीन किलो, वार आणि गर्भजल मिळून दीडएक किलो. उरलेलं वाढलेल्या गर्भाशयाचं, स्तनांचं, रक्ताचं, अंगात साठलेल्या पाण्याचं आणि तीन-चार किलो चरबीचं. बाळंतपणाच्या दिवशीच पाच-सहा किलो उतरतात. पुढच्या पंधरवड्यात घाम आणि लघवीवाटे आणखी पाणी जातं. गर्भाशय मूळ आकाराला यायला सहा आठवडे लागतात, तोवर पोट पुढे दिसणारच.

सहा आठवड्यांनंतर जे उरतं ते मुख्यतः चरबीचं. ती शरीराने मुद्दाम, दूध तयार करण्यासाठी साठवलेली असते. नऊ महिन्यांत चढलेलं वजन उतरायलाही नऊ महिने ते वर्ष द्यावं. आठवड्याला अर्धा किलोपर्यंत उतरलं तर दुधावर परिणाम होत नाही. त्याहून घाई करायची गरज नाही.

दूध, लाडू आणि किलोमीटर

इथे थोडं गणित करू. धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे, ढोबळमानाने एक कॅलरी खर्च होते. म्हणजे 65 किलो वजनाची बाई तीन किलोमीटर धावली तर दोनशेच्या आसपास. आठवड्यातून तीनदा धावली तर सहाशे. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. नुसत्या धावण्यावर विसंबलं तर एक किलो उतरायला तीन महिने लागतील.

आता दुसरी बाजू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज 600 आणि पुढचे सहा महिने 520 कॅलरी जादा लागतात. 600 कॅलरी म्हणजे याच 65 किलोच्या बाईचं नऊ किलोमीटर धावणं. मांडी घालून बाळाला पाजत बसलेली बाई दिवसभरात एवढी शक्ती खर्च करत असते. ‘नुसती बसून असते’ असं तिच्याबद्दल कुणी म्हणालं, तर हा आकडा सांगावा.

मग वजन का उतरत नाही? कारण ताटात येणारं त्याहून जास्त असतं. डिंक, खारीक, खोबरं, गूळ आणि तूप घातलेला मध्यम आकाराचा लाडू सहज दोनशे कॅलरींचा असतो. सकाळी दोन, दुपारी एक, वर तुपातला शिरा आणि अळिवाची खीर, की दुधासाठी लागणारी सगळी जादा शक्ती तिथेच भरून निघते आणि गरोदरपणात साठलेली चरबी जागची हलत नाही. बाळंतिणीच्या खाण्याला नावं ठेवायची म्हणून मी हे लिहीत नाही. अळिवात लोह आहे, डिंकाच्या लाडवात प्रेमही आहे. पण हा आहार ज्यांच्यासाठी घडला, त्या बायका सव्वा महिन्याने विहिरीवर, जात्यावर आणि शेतात परतत होत्या. आपण लॅपटॉपसमोर परततो. लाडू एकावर आणावा, अळीव दुधात शिजवून कमी गुळात खावा, आणि डाळ, उसळ, अंडी, दही, पालेभाजी, नाचणी वाढवावी. उपाशी मात्र राहू नये. पाजणाऱ्या आईने जेवण तोडून धावणं हा वजन उतरवायचा सर्वांत वाईट रस्ता आहे.

सव्वा महिना पुरेसा का नाही?

आपल्याकडचा सव्वा महिना मला शहाणपणाचा वाटतो. बाईला अंथरुणावर ठेवा, तेल लावा, शेका, कामाला लावू नका, हे सांगणारी रीत जगात सगळीकडे नाही. पण तो संपला की ‘आता उठून कामाला लागायला हरकत नाही’ असं धरलं जातं, आणि तिथेच गफलत होते. घरात वावरण्यापुरतं शरीर तेव्हा भरलेलं असतं. धावण्यासाठी नाही.

योनीमार्गे बाळंतपण होताना ओटीपोटाच्या तळाचे काही स्नायू मूळ लांबीच्या जवळजवळ तिप्पट ताणले जातात. एवढं ताणलेले स्नायू आणि त्यांच्या नसा सावरायला चार ते सहा महिने लागतात. सिझेरियनमध्ये कातडीखालचं पोटाचं जाड आवरण कापून शिवतात. वरचा टाका दोन आठवड्यांत सुकतो, पण आत त्या आवरणाला सहा आठवड्यांनी मूळ ताकदीच्या जेमतेम निम्मी ताकद आलेली असते, आणि सहा-सात महिन्यांनीही ती पूर्ण आलेली नसते. ‘सिझर झालंय, म्हणजे खालच्या स्नायूंना काही झालं नाही’ हेही खरं नाही. नऊ महिने बाळाचा भार त्यांनीच पेललेला असतो.

आता धावण्याकडे बघा. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दीड ते अडीच पट हादरा येतो. 65 किलोच्या बाईसाठी तो शंभर ते दीडशे किलोच्या वर जातो. एका किलोमीटरला हजारावर पावलं पडतात. तो भार तळाचे स्नायू, पोटाचं आवरण, कमरेचे सांधे आणि पायांची हाडं वाटून घेतात. तळ कच्चा असेल तर आधी लघवी निसटते, मग खाली जडपणा वाटतो, आणि दुर्लक्ष केलं तर अंग बाहेर येण्यापर्यंत वेळ जाऊ शकते.

म्हणूनच ब्रिटनमधल्या टॉम गूम, ग्रॉन्या डॉनली आणि एमा ब्रॉकवेल या तीन फिजिओथेरपिस्टनी 2019 मध्ये लिहिलेल्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलं आहे, की पहिले तीन महिने हादरा न देणारा व्यायामच करावा आणि धावणं लवकरात लवकर तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान, तेही काही त्रास नसेल तरच सुरू करावं. जिचं सिझेरियन झालंय, जिला जुळी झाली, जिचे टाके खोलवर होते, तिने सहा महिन्यांच्या बाजूला राहावं असं माझं मत आहे.

जागतिक दर्जाच्या धावपटूंनाही शरीराने यातून सूट दिलेली नाही. ब्रिटनची मॅरेथॉनपटू पॉला रॅडक्लिफ हिला जानेवारी 2007 मध्ये मुलगी झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तिने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. हे सगळ्यांना आठवतं. या दोन घटनांच्या मधे, लवकर परतलेल्या सरावामुळे तिच्या त्रिकास्थीला, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडाला, बारीक तडा गेला होता आणि तिला थांबावं लागलं होतं, हे मात्र फार कमी जणींना माहीत असतं.

तळाचे स्नायू

हा भाग मी लांबवणार आहे, कारण आपल्या घरांत यावर कुणी बोलत नाही. शिंकताना, हसताना, बाळाला उचलताना थेंबभर लघवी जाणं हे ‘बाळंतपणानंतर व्हायचंच’ म्हणून सोडून दिलं जातं. बाळंतपणानंतर सुमारे एक तृतीयांश बायकांना हा त्रास होतो, म्हणजे तो सर्रास आहे. पण सर्रास आहे म्हणून तो सोसत राहावा असं नाही. बहुतेकींचा व्यायामाने बरा होतो किंवा बराच कमी होतो.

व्यायाम असा. उताणं पडा किंवा सरळ बसा. श्वास सोडता सोडता, गॅस आणि लघवी दोन्ही एकदम रोखून धरतो तसे आतले स्नायू आवळा आणि वर ओढा. पोट, मांड्या, कुल्ले आवळायचे नाहीत, दम रोखायचा नाही. आठ-दहा सेकंद धरा. सुरुवातीला तीन सेकंदच जमले तरी चालतील. मग पूर्ण सैल सोडा. हे सैल सोडणं आवळण्याइतकंच महत्त्वाचं आहे. एका वेळी निदान आठदा, दिवसातून तीनदा, आणि किमान तीन महिने. लघवी करताना मध्येच धार रोखून सराव करू नका. मी बाळाला पाजायला बसले की करायचे, वेगळा वेळ काढावा लागला नाही. आवळताना दुखत असेल, टाक्यांच्या जागी आग होत असेल किंवा नेमकं काय आवळायचं तेच कळत नसेल, तर या कामातल्या फिजिओथेरपिस्टला दाखवावं. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत त्या आता असतात. बद्धकोष्ठ असेल तर आधी ते घालवावं, कारण रोज कुंथण्याने केलेली मेहनत वाया जाते.

याच्या जोडीला पोटाची फट. गरोदरपणात पोटाच्या मधोमधचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब जातात. उताणं पडून, गुडघे वाकवून, डोकं जरा उचलायचं आणि बेंबीच्या वर-खाली बोटं आडवी ठेवून चाचपायचं. दोन बोटांहून जास्त जागा लागली, किंवा डोकं उचलताना मधोमध वरवंट्यासारखा उंचवटा आला, तर उठाबशा, पोटाचे क्रंच आणि धावणं बाजूला ठेवावं. पोटपट्टा बांधल्याने ही फट बुजत नाही आणि चरबीही उतरत नाही. सिझेरियननंतर उठता-बसताना तो आधार देतो, तेवढाच त्याचा उपयोग. कचकचून बांधला तर सगळा दाब खाली, त्याच कच्च्या तळावर जातो.

चालणं, आणि मग एक परीक्षा

पहिल्या तीन महिन्यांत काय करायचं, तर चालायचं. घरातल्या घरात पाच मिनिटांपासून सुरू करून अर्ध्या तासापर्यंत. चालल्यावर अंगावरून जाणं वाढलं किंवा पुन्हा लाल झालं, तर शरीर थांबायला सांगतं आहे असं समजावं. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये बाळंतपणानंतरच्या बायकांसाठीही आठवड्याला 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवला आहे. तो नुसत्या भरभर चालण्याने पुरा होतो. ज्यांना धावणं आवडतच नाही त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

धावायचंच असेल तर आधी घरच्या घरी परीक्षा घ्या. अर्धा तास भरभर चालून या. एका पायावर दहा सेकंद उभं राहा. एका पायावर दहा अर्ध्या बैठका, दोन्ही बाजूंनी. जागच्या जागी मिनिटभर धावा. पुढे दहा मोठ्या उड्या मारा, मग एका पायावर लंगडी घालतो तशा जागच्या जागी दहा, दोन्ही पायांनी. शेवटी एका पायाच्या चवड्यावर वीस वेळा टाच उचलणं. यातल्या कशातही लघवी निसटली नाही, खाली ओढल्यासारखं किंवा काही उतरल्यासारखं वाटलं नाही, दुखलं नाही, तर पास. नाहीतर आणखी तीन आठवडे ताकदीचे व्यायाम करायचे आणि पुन्हा बघायचं. नापास होण्यात लाज नाही. मी दुसऱ्या खेपेला लंगडीत दोनदा नापास झाले.

पहिले आठवडे

नवख्यांसाठी ‘काउच टू फाइव्ह-के’ हा आराखडा जगभर वापरला जातो. जॉश क्लार्क या अमेरिकन माणसाने तो 1996 मध्ये तयार केला. आठवड्याचे तीनच दिवस, नऊ आठवडे. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं, मग साठ सेकंद हळू धावायचं, नव्वद सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. नवव्या आठवड्यात सलग अर्धा तास. बाळंतिणीने यातला प्रत्येक आठवडा दोनदा करावा असं मी सुचवेन. ज्या रात्री बाळाने चारदा उठवलं, त्या सकाळी धावू नये. झोप झाली नसेल तर दुखापती वाढतात आणि दिवसभर गोड खावंसं वाटतं.

वेग असा, की शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मातीचा सपाट रस्ता किंवा मैदान मिळालं तर उत्तम. नाहीतर फुटपाथपेक्षा सोसायटीची सपाट फेरी बरी. एप्रिल-मेमध्ये उन्हं चढायच्या आत परतावं. मधल्या दिवशी खुर्चीवरून हात न टेकता उठण्याच्या वीस बैठका, टाचा उचलणं आणि उताणं पडून कंबर उचलणं. हे टाळून नुसतं धावणाऱ्या बायकांचे गुडघे दुखायला लागतात.

बूट नवे घ्या. गरोदरपणात पावलाची कमान थोडी बसते आणि अनेकींचं पाऊल कायमचं थोडं लांब होतं, त्यामुळे जुने बूट अंगठ्याला टोचतात.

अंगावर पाजत असाल तर

व्यायामाने दूध आंबतं, आटतं, बाळाला बाधतं, असं घरोघरी ऐकायला मिळतं. बेताच्या व्यायामाने दूध कमी होत नाही आणि बाळाच्या वाढीवरही परिणाम होत नाही. दम तुटेपर्यंत धावल्यावर दुधात लॅक्टिक आम्ल थोडं वाढतं, पण ते बाळाला अपायकारक नाही आणि काही वेळाने उतरतं. घामाने दुधाची चव खारट लागते, म्हणून छाती पुसून पाजावं. धावायच्या आधी पाजलं किंवा दूध काढून ठेवलं की छाती हलकी होते. स्पोर्ट्स ब्रा आधार देणारी हवी, पण आवळणारी नको. दाबल्या गेलेल्या जागी दूध साचून गाठ होते, ताप येतो. घरी आल्याबरोबर ती बदलावी. पाणी नेहमीपेक्षा दोन भांडी जास्त प्यावं.

रक्त, हाडं, थायरॉइड

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. बाळंतपणात आणखी रक्त जातं. दोन जिने चढून धाप लागत असेल तर दोष आळसाचा नसून हिमोग्लोबिनचा असू शकतो. धावायला लागण्याआधी ही एक तपासणी करून घ्यावीच. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बाळंतपणानंतरही 180 दिवस घ्यायच्या असतात. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात, पण बाळ झालं की बहुतेक जणी बंद करतात.

अंगावर पाजताना आईच्या हाडांतलं कॅल्शियम दुधात जातं. सहा महिन्यांत हाडांची घनता तीन ते सहा टक्क्यांनी उतरू शकते, आणि पाजणं थांबल्यावर ती भरून येते. या काळात कमी खाऊन जास्त धावलं तर रॅडक्लिफसारखा तडा जाऊ शकतो. तिसरी गोष्ट थायरॉइड. बाळंतपणानंतरच्या वर्षात काही जणींचा थायरॉइड बिघडतो. सगळं नीट करूनही वजन हलत नसेल, केस जास्त गळत असतील, सतत थंडी वाजत असेल, तर रक्त तपासून घ्या.

कधी थांबायचं?

योनीत काही उतरल्यासारखं वाटणं, टाक्यांची जागा दुखणं, रक्त जाणं, कमरेत किंवा मांडीच्या सांध्यात एकाच जागी दुखणं, चक्कर, छातीत दुखणं यांपैकी काहीही झालं तर धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवावं. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर त्याच दिवशी. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. आणि मन सतत खचलेलं असेल, बाळाकडे बघूनही काही वाटत नसेल, तर त्यावर धावणं हा पुरा उपाय नाही. त्यासाठी डॉक्टरांशी बोलायलाच हवं.

अर्धा तास कुठून आणायचा?

खरी अडचण बहुतेकींना इथे येते. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली. म्हणजे शरीर धावायला तयार होतं त्याच सुमाराला रजा संपते. ऑफिस, लोकल, पंप, स्वयंपाक, आणि त्यात ‘बाळाला टाकून धावायला जाते’ हे शब्द. माझा आग्रह एवढाच आहे, की हा अर्धा तास बाईने कुणाकडे मागू नये. बाळाच्या बापाच्या वेळापत्रकात तो आठवड्याचे तीन दिवस, ठरलेल्या वेळी लिहिलेला असावा. पाजून झाल्यावर सव्वासहाला बाळ त्याच्या हातात, पावणेसातला परत. वजन आठवड्यातून एकदाच करावं, आणि त्याच्या शेजारी वहीत हेही लिहावं की आज किती मिनिटं धावले आणि काही त्रास झाला का.

दुसऱ्या बाळंतपणानंतर मी पाचव्या महिन्याच्या शेवटी सुरू केलं. पहिल्या दिवशी साठ-साठ सेकंदांच्या आठ खेपा, म्हणजे एकूण आठ मिनिटं धावले. परत आले तेव्हा नवरा बाळाला खांद्यावर टाकून गॅलरीत उभा होता. वजनकाट्यावर मी त्या दिवशी उभीच राहिले नाही. मी फक्त बाथरूममध्ये जाऊन बघितलं. सलवार कोरडी होती.